सेप्टिक टँक आणि विहीर, अंतर किती ठेवू?

घर बांधतोय, पाच माणसं, गटारलाईन नाही. मिस्त्री म्हणतो एकच मोठा खड्डा बांधू, पण ३० फुटांवर विहीर आहे आणि तेच पाणी पितो, जीव धास्तावलाय. काय करू?

▸ एकच खड्डा अजिबात नको. टाकी दोन कप्प्यांची करा, पहिला कप्पा दोन तृतीयांश, गाळ तिथंच बसतो. आत-बाहेरच्या दोन्ही पाइपांना टी (T आकाराचा जोड) लावून घ्या, नाहीतर वर तरंगणारी साय थेट शोषखड्ड्यात (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवतो तो खड्डा) जाते, आमचा त्यानेच दोन वर्षांत तुंबला, अंगणात काळं पाणी वर आलं.

▸ शोषखड्डा विहिरीपासून ५० फूट तरी लांब, तोही विहिरीच्या खालच्या उताराला. आधी फूटभर खड्डा खणून रात्रभर पाणी मुरू द्या, सकाळी परत भरून घड्याळ लावून बघा किती उतरतं. चिकणमातीत हे केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

▸ पावसाचं पाणी टाकीत सोडू नका. दोन-तीन वर्षांनी गाळ मशीनने उपसा, पण दादा, आत कुणाला उतरू देऊ नका, हात जोडून सांगते, त्या वायूने माणूस क्षणात कोसळतो.

▸ धन्यवाद. पुढच्या अंगणात ६० फूट मिळतायत, उद्याच खड्ड्यात पाणी भरून बघतो.