मागच्या भिंतीलगत सहा कोंबड्या: हो की नको?

सचिव: नमस्कार. कंपोस्टच्या टाकीशेजारच्या रिकाम्या जागेत सहा कोंबड्या ठेवायचा अर्ज आलाय. सोसायटीचा ओला कचरा कमी होईल असं त्यात म्हटलंय. रविवारच्या सभेत विषय घेतोय. आक्षेप आधी इथेच लिहा, म्हणजे सभेत चहा निवणार नाही.

अ-१०४: आक्षेप एकच. पहाटे चारची बांग. पलीकडच्या वाड्यावरचा एक पुरे आहे, त्यात आता आपला कशाला?

डॉक्टर, क-२०४: अर्ज नीट वाचा. सहाही कोंबड्या आहेत, कोंबडा नाही.

काका, ब-४०३: कोंबडा नसेल तर अंडी कुठून येणार डॉक्टर? वडाच्या झाडावरून?

डॉक्टर, क-२०४: येतात काका. दुकानात ट्रेमध्ये मिळणारी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. कोंबडीच्या अंगात बलक सुटला की पुढच्या २४ ते २६ तासांत अंडं बाहेर येतं, आणि त्यातले साधारण २० तास एकट्या कवचाला लागतात. कोंबडा असला तर त्या अंड्यातून पिल्लू निघू शकतं, नसला तर नाही. बाकी फरक शून्य.

फोडलेल्या अंड्यात रक्ताचा ठिपका दिसला की 'यात पिल्लू होतं' असं म्हणतात, तेही खरं नाही. बलक सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते, एवढंच. ठिपका सुरीच्या टोकाने काढा आणि ऑम्लेट करा.

आणखी एक. अंड्याला २४ तासांहून थोडा जास्तच वेळ लागतो, म्हणून कोंबडी रोज थोडं उशिरा घालते. सरकत सरकत दुपार झाली की एक दिवस खाडा. सहा कोंबड्या म्हणजे रोज सहा अंडी हा हिशेब कुणी धरू नका. चांगल्या दिवसांत पाच, मे महिन्यात तीन.

अ-१०४: मग त्या वाड्यावरच्या कोंबड्याला रात्री काळोख्या खोलीत ठेवायला सांगता येईल का? उजेड दिसला नाही तर ओरडणार नाही.

डॉक्टर, क-२०४: कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. म्हण तेवढ्यावर थांबते, पण झाकलेलं कोंबडं आरवायचंही राहत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठाने २०१३ मध्ये हे दाखवलं. रात्रंदिवस एकसारख्या मंद उजेडात ठेवलेले कोंबडेसुद्धा आपापल्या पहाटेलाच आरवत राहिले. घड्याळ त्यांच्या अंगातच असतं. दिवा आणि दुसऱ्याची बांग यांनीही ते आरवतात, पण पहाटेची बांग आतून येते. त्याच गटाने २०१५ मध्ये आणखी गमतीची गोष्ट पाहिली. कळपात सगळ्यात वरचढ कोंबडा आधी बांग देतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. ज्युनिअर कधी सिनिअरच्या आधी तोंड उघडत नाही. (आपल्या सभेला हे लागू नाही.)

गळ्याला पट्टा बांधून आवाज दाबण्याचे व्हिडिओ फिरतात. तसलं काही कुणाला सुचवू नका, पट्टा घट्ट झाला तर पक्षी गुदमरतो.

सचिव: म्हणजे कोंबडा नाही हे ठरावातच लिहावं लागेल.

डॉक्टर, क-२०४: लिहाच. कोंबडीही अंडं घातल्यावर पाच-दहा मिनिटं गावभर सांगते, पण ते दिवसाढवळ्या.

काका, ब-४०३: आणि कोंबडीच आरवायला लागली तर? आमच्याकडे अपशकुन मानतात, लगेच कापतात.

डॉक्टर, क-२०४: क्वचित खरोखरच आरवते. कोंबडीचं डावं अंडाशय तेवढं काम करतं, उजवं खुरटलेलं असतं. आजाराने डावं निकामी झालं तर उजवं वाढून वृषणासारखं वागू लागतं. मग तुरा मोठा होतो, पायांना आऱ्या (कोंबड्यासारखे काटे) फुटतात, बांग येते. अंडी अर्थात बंद. हा शकुनाचा प्रश्न नाही, संप्रेरकांचा आहे.

अ-३०२: बेकिंगसाठी मला रोज अंडी लागतात, म्हणून माझा पाठिंबा आहे. पण 'गावठी मिळतील' या आशेने कुणी हात वर करत असेल तर आधी हे वाचा. तपकिरी अंडं म्हणजे गावठी असं नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो आणि अगदी शेवटी वरून चढतो. कवच आतून पाहा, पांढरंच असतं. व्हाइट लेगहॉर्न पांढरी घालते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. दोघींना एकच दाणा घातला तर आतला ऐवजही सारखाच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काय किंवा इथे फोंड्यात काय, एकसारखी, मोठी, गडद तपकिरी अंडी कुणी गावठी म्हणून दिली तर ती बहुतेक फार्मवरच्या तपकिरी लेयरची, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेल्या कोंबडीची. खरं गावठी लहान असतं, ४० ते ४५ ग्रॅमचं, फिकट सायीच्या रंगाचं, आणि एका टोपलीतली दोन अंडी सारखी दिसत नाहीत.

कडकनाथच्या काळ्या अंड्यांचे फोटोही विसरा. त्याचं मांस, हाडं, कातडी काळी असतात. अंडं साधं फिकट बदामी.

क-००२: आणि बलक केशरी असला की पौष्टिक, असं काही नाही ना?

अ-३०२: नाही. पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या, शेवग्याचा पाला यांतला रंग थेट बलकात उतरतो. फार्मवाले झेंडूचा अर्क घालून हवी ती छटा आणतात. बिबिंकेला (गोव्याच्या थरांच्या गोड केकला) गडद बलक छान दिसतो हे मात्र कबूल.

क-००२: आता अर्जातल्या मूळ मुद्द्यावर येते. कंपोस्टची टाकी मीच बघते, म्हणून बोलते. सहा कोंबड्यांनी सोसायटीचा कचरा कमी होईल हा भ्रम आहे. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम लेयर दाणा लागतो. स्वयंपाकघरातलं काहीही द्यायचं ते त्याच्यावर, मूठभर. सहा जणी मिळून फार तर अर्धा-पाऊण किलो पाला आणि सालं संपवतील. आपली टाकी रोज किती भरते ते सगळ्यांना दिसतं. उरलेल्या अन्नावरच ठेवल्या तर प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडून महिन्याभरात अंडी बंद होतील, आणि दोष कोंबड्यांना जाईल.

सचिव: काय द्यायचं, काय नाही, तेवढं सांगा वहिनी.

क-००२: भाजीची देठं, तांबडी भाजी, पपईची सालं, कलिंगड, बिनमिठाचा भात चालेल. खारं सुकट, लोणचं, फरसाण नको, मीठ त्यांना सोसत नाही. कच्ची राजमासारखी कडधान्यं नको, हिरवट झालेली बटाट्याची सालं नको. आणि बुरशी आलेला पाव तर अजिबात नको. "कोंबडीला काहीही पचतं" म्हणून सकाळच्या पोयांचे (गोव्याच्या पावांचे) शिळे तुकडे टाकायचे मोह होतील. बुरशीचं विष उकडून जात नाही, यकृतावर जातं. पावसात दाण्याचंही तेच. ५० किलोची गोणी सहा कोंबड्यांना ७० दिवस पुरते, आणि जुलैतल्या आपल्या हवेत ती त्याआधीच वास मारायला लागते. जूनपासून २५ किलोहून जास्त आणायचं नाही, आणायचं ते झाकणाच्या पिंपात, तेही फळीवर.

आता माझी आवडती गोष्ट. तिसऱ्या (खायचे शिंपले) केल्या की उरलेल्या शिंपल्या फेकू नका. एका अंड्याच्या कवचात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. शिंपल्या धुऊन मीठ घालवा, उन्हात वाळवा, तव्यावर अर्धा तास कडक भाजा आणि खलबत्त्यात कुटा. पीठ करू नका, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवा. कवच रात्री तयार होतं, तेव्हा कोंबडी खात नसते. मोठे तुकडे पोटात हळूहळू विरघळत रात्रभर पुरतात, पीठ संध्याकाळीच निघून जातं. वेगळ्या वाटीत ठेवा, दाण्यात मिसळू नका. जिला हवं ती खाते. लहान पिल्लांना मात्र नाही, जास्त कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात.

काका, ब-४०३: अंड्याची टरफलं घातली तर अंडी फोडायची चटक लागते म्हणतात.

क-००२: अख्खी अर्धी कवची टाकली तर ओळखतात काका. भाजून चुरा केला तर कळत नाही. चटक खरी लागते ती पातळ कवचाचं अंडं आपोआप फुटलं आणि एकीने चाखलं की.

डॉक्टर, क-२०४: उन्हाळ्यात कवच पातळ का होतं तेही सांगतो, कारण तेव्हा सगळे कॅल्शियमची बाटली विकत आणतात. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकते. त्यात कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्तातलं कार्बोनेट घटतं, आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचंच. म्हणजे एप्रिल-मेमध्ये औषध सावली आणि गार पाणी हेच. पाणी एरवी कोंबडीमागे पाव लिटर, उन्हात दुप्पट धरा. भांडं सावलीत, दिवसातून दोनदा बदलायचं.

अ-१०४: ठीक, बांगेचा मुद्दा सोडला. वास?

क-००२: वास कोंबडीचा नसतो, ओल्या विष्ठेचा असतो. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट वर, लांबी पूर्व-पश्चिम म्हणजे ऊन थेट आत येत नाही, पत्रा तीन फूट पुढे काढलेला. खाली भाताचं तूस तीन-चार इंच, आठवड्यातून दोनदा उलटायचं. मूठभर तूस हातात दाबून पाहायचं. गोळा झाला तर ओलं आहे, लगेच बदला. सुटून पडलं तर ठीक. ओल्या तुसात वास तर येतोच, शिवाय रक्ती हगवणही येते.

काढलेलं तूस थेट कुंडीत घालू नका, रोपं जळतात. कंपोस्टमध्ये सुक्या पानांबरोबर दोन-तीन महिने कुजवायचं. टाकीला फायदा होईल तो इथे.

आत बसायला आडवी दांडी, कोंबडीमागे ८ इंच. अंड्यासाठी १२ इंची दोन खोकी पुरतात, सहा लागत नाहीत. सहा दिलीत तरी सगळ्या एकाच खोक्यासाठी रांग लावतात.

काका, ब-४०३: जाळी मी सांगतो. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. लहान मुंगूस त्यातून शिरतो, कुत्रा फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी घ्या. खाली सहा इंच पुरा आणि बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरा, म्हणजे घूस उकरायला लागली की जाळीच लागते. वरूनही जाळी हवी, घारीसाठी. दाराला नुसती कडी नको, कांडेचोर (उदमांजर) उघडतो. कडीत खिळा अडकवा.

डॉक्टर, क-२०४: काका, जाळीचा भाग ठरावात जसाच्या तसा घेऊ.

खरेदीबद्दल. पिल्लं आणू नका, निम्मे कोंबडे निघतील. अंडं टोकदार असलं की कोंबडा, गोल असलं की कोंबडी, हेही थोतांडच. १६ ते १८ आठवड्यांच्या, लसी झालेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्या, सहाही एकाच कळपातल्या. मागाहून एकटी नवी आणली तर जुन्या टोचून हैराण करतात. ग्रामप्रिया किंवा वनराजा या जाती चालतील. जुन्या गोव्याला एला इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) केंद्रात आधी चौकशी करा.

लसीचं कार्ड मागाच. मानमोडी (राणीखेत) रोगाची पहिली लस ५ ते ७ दिवसांच्या पिल्लाला डोळ्यात किंवा नाकात थेंब, गंबोरो रोगाची १४ दिवसांच्या आसपास, मानमोडीचं इंजेक्शन ६ ते ८ आठवड्यांत. पुढे कुणी पाण्यातून लस द्यायचं म्हणाला तर नळाचं क्लोरीनचं पाणी वापरू नका. लस जिवंत असते, क्लोरीनने मरते आणि आपण समजतो लस झाली.

अ-३०२: बर्ड फ्लू विचारणारच कुणीतरी.

डॉक्टर, क-२०४: मांस आणि अंडं आतपर्यंत ७० अंशांवर शिजलं की विषाणू मरतो. धोका कच्च्या हाताळणीत. एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या तर उघड्या हाताने उचलायच्या नाहीत, पशुसंवर्धन खात्याला फोन. कावळे दाण्यावर येऊ नयेत म्हणूनही वरची जाळी हवी.

अ-३०२: आणि कृपा करून चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, कोशिंबिरीवर जातात. कफ्रेआल (गोव्याचं हिरव्या मसाल्याचं चिकन) भाजताना हाडाजवळ गुलाबी दिसलं तरी घाबरू नका, कोवळ्या कोंबडीच्या मज्जेचा रंग झिरपतो. तापमान बघा, रंग नाही.

अ-१०४: ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात हे तरी खरं ना?

डॉक्टर, क-२०४: नाही. हजारो पक्ष्यांना एकेक करून टोचत बसणं परवडणारच नाही. वाढ निवडीची आहे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ च्या वाणांना एकच खाद्य दिलं. ५६ दिवसांनी वजनं सुमारे ९०० ग्रॅम, १८०० ग्रॅम आणि ४२०० ग्रॅम. काळजी करायची तर प्रतिजैविकांची करा. कोलिस्टिन हे जनावरांना द्यायला २०१९ मध्ये बंदी घालावी लागली, ती उगीच नाही.

सचिव: अंडी वाटायची कशी? धुऊन द्यायची का?

अ-३०२: नाही. कवचावर नैसर्गिक पातळ थर असतो, तो छिद्रं बुजवतो. थंड पाण्याने धुतलं तर घाण आत ओढली जाते. सुक्या फडक्याने पुसा, टोकाची बाजू खाली ठेवा. आणि पाण्यात तरंगलं म्हणजे सडलं असं नाही, आतली हवेची पोकळी मोठी झाली म्हणजे जुनं झालं. वेगळ्या वाटीत फोडून वास घ्या. अगदी ताजी उकडायला घेऊ नका, साल निघत नाही. आठवडाभर जुनी सोलायला सोपी.

डॉक्टर, क-२०४: एक प्रश्न अर्जात नाही आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोन वर्षांनी अंडी घटतात, कोंबडी मात्र पाच-सहा वर्षं सहज जगते. तेव्हा काय करायचं? निम्मी सोसायटी शाकुती (कोंबडीचा मसालेदार रस्सा) करा म्हणेल, निम्मी 'आमच्या मुलांनी नावं ठेवलीत' म्हणेल. आत्ताच लिहून घ्या.

काका, ब-४०३: नावं ठेवायची नाहीत हेच लिहा.

अ-१०४: माझ्या मुलीने तीन ठरवलीसुद्धा.