जानेवारीतील खुल्या मैफलीत वाद्ये सुरात कशी ठेवावीत?

प्रश्न
पुण्यातील आमच्या सोसायटीच्या पटांगणात जानेवारीतील एका शनिवारी, स्वतःच्या रचना गाणाऱ्या चार स्थानिक कलाकारांची मैफल ठरत आहे. साथीला गिटार, बासरी आणि पेटी असेल. अंधार पडून गारठा वाढला की गिटार व बासरी एकमेकींशी जुळेनाशा होतात, असे कलाकार सांगतात. यावर उपाय काय? ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत लावता येतो?

प्रतिसाद 1
कलाकारांचे म्हणणे खरे आहे. तापमान एका अंशाने उतरले की हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने घटतो, म्हणून बासरी उतरते. उलट गिटारच्या पोलादी तारा आकसून त्यांचा ताण वाढतो आणि सूर चढतो. गिटार अर्धा तास आधी खोळीतून काढून पटांगणातच ठेवावी आणि तिथेच लावावी, कारण उबदार खोलीत लावून आणलेली गिटार मंचावर पुन्हा चढते. बासरी मात्र शालीत गुंडाळून ठेवावी आणि वाजवण्यापूर्वी भोके बोटांनी झाकून तिच्यात दोन-चार वेळा ऊबदार श्वास सोडावा. आधार पेटीचा धरावा. तिच्या पितळी स्वरपट्ट्यांवर गारठ्याचा परिणाम बासरीच्या मानाने फारच कमी होतो.

प्रतिसाद 2
ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि दिवसाही त्यासाठी लेखी परवानगी लागते. निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार राहते, त्यामुळे आवाज खाली वळून नेहमीपेक्षा दूरवर ऐकू जातो. म्हणून एकच मोठा कर्णा उंचावर लावण्यापेक्षा छोटे स्पीकर श्रोत्यांच्या जवळ ठेवणे उत्तम.

प्रतिसाद 3
मैफल सहालाच सुरू करावी आणि बासरी असलेली गाणी आधी घ्यावीत, असे मी आग्रहाने सुचवेन. सत्कार आणि भाषणे टाळावीत, कारण वेळ कमी पडला की कात्री लागते ती शेवटच्या, बहुधा सर्वांत नव्या कलाकाराच्या गाण्यांना. गाणे अनोळखी असते, तेव्हा श्रोत्यांना त्यात शिरायला वेळ लागतो. प्रत्येकाला निदान अर्धा तास द्यावा. मानधनाची रक्कमही आधीच ठरवून चौघांना कळवावी.