मदत हवी आहे: बहीण महिनाभर राहायला येतेय, संध्याकाळच्या पत्त्यांचं काय करू?

सायंफेरी
नमस्कार मंडळी. जरा लवकर उत्तर द्या, बहीण रविवारी येतेय आणि महिनाभर राहणार आहे.

निवृत्तीनंतर माझी दिवसाची घडी आत्ता कुठे बसलीय. सकाळी फिरायला जायचा गट, मग ग्रंथालयात पेपर आणि तिथल्या नेहमीच्या मंडळींशी वादावादी, दुपारी जरा आडवा, आणि संध्याकाळी पाच ते साडेसात ब्रिज. चौघं ठरलेले. बहीण आल्यावर तिला घरी एकटी बसवून पत्ते कुटायला जाणं बरं दिसत नाही. बरोबर नेली तर ती पाचवी होते. पाच जणांत खेळता येईल असा एखादा चांगला खेळ सुचवा. पोरखेळ नको.

आणि हो, "बहिणीपेक्षा पत्ते मोठे का" असले प्रश्न कृपया नकोत.

काठीटेकू
रमी. दोन कॅट घ्या, जोकर ठेवा, प्रत्येकी तेरा पानं. पाच काय, सहा जण बसतील. विषय संपला.

पानपिसे
विषय कसला संपला? रोज ब्रिज खेळणाऱ्यांना रमी देताय? दोन दिवसांत एकेक जण कारणं सांगायला लागेल. त्यापेक्षा जजमेंट खेळा. पाच जणांत दहा-दहा पानं, दोन उरतात ती बाजूला. आपले किती हात होणार ते आधी बोलायचं आणि बरोबर तितकेच करायचे, एक जास्त झाला तरी गेलात. ब्रिजवाल्यांना बोलीची सवय असते, त्यांना लगेच जमतं.

काठीटेकू
मी रमी उगाच नाही सांगितली. आमच्या कट्ट्यावर जजमेंट आणलं तेव्हा हिशोब कोण लिहिणार यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. रमीत निदान भांडण खेळावरून होतं.

चौकस
काका, बहीण मोठी की धाकटी? वय काय? पत्ते येतात का मुळात?

सायंफेरी
मोठी. पंच्याहत्तरी ओलांडलीय. लहानपणी खेळायची. आता काय येतं ते माहीत नाही.

चौकस
विचारलं नाहीत?

सायंफेरी
त्यात काय विचारायचं? आली की कळेल.

घड्याळजी
सगळे पत्त्यांत अडकलेत, मुख्य मुद्दा राहिलाच. पहिला आठवडा त्यांना कुठेही नेऊ नका. वेळेचा फरक पचायला ढोबळमानाने एका तासाला एक दिवस लागतो. त्यात पूर्वेकडे प्रवास झाला असेल तर जास्तच त्रास, कारण शरीराचं घड्याळ मुळात चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्याला दिवस ताणता येतो, आखडता येत नाही. सकाळच्या उन्हात बसवा, दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू देऊ नका, आणि संध्याकाळी पाचला पत्ते तर मुळीच नकोत, नेमक्या त्याच वेळी डोळे मिटतात.

सायंफेरी
ती बसने येतेय. चार तासांचा रस्ता.

घड्याळजी
अच्छा. महिनाभर म्हटल्यावर मला परदेशातून वाटलं. असो, माहिती राहू दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

जपून_चाला
त्या झोपणार कुठे ते आधी सांगा.

सायंफेरी
माझ्या पलंगावर. मी सोफ्यावर. झोपायचा प्रश्न नाहीये हो, पत्त्यांचा आहे.

जपून_चाला
प्रश्न नाहीये म्हणता, पण महिनाभर सोफ्यावर झोपून तुमचीच पाठ धरेल, मग कसलं फिरणं आणि कसला ब्रिज! घडीचा पलंग भाड्याने मिळतो का बघा. घेताना उंची बघून घ्या: काठावर बसल्यावर पावलं पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे काटकोनात हवेत. साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर. त्याहून खाली असेल तर या वयात उठताना दोन हात कशाला तरी धरावे लागतात, आणि हाताशी नेमकं स्टूल येतं. ते सरकतं.

दुसरं, पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवरची सगळी पायपुसणी उचला. सगळी. खाली रबर आहे वगैरे ऐकणार नाही. रात्री त्या वाटेवर बारीक दिवा लावून ठेवा. स्वतःच्या घरात माणूस अंधारात बरोबर चालतो, दुसऱ्याच्या घरात वळण चुकतं.

काठीटेकू
पायपुसणं उचललं तर ओल्या पायांनी फरशीवर घसरायला होईल त्याचं काय?

जपून_चाला
न्हाणीघराच्या दारातलं ठेवा, बाकीची उचला. हा वाद मी घरी जिंकलेला आहे, इथे परत खेळणार नाही.

टिपणवही
फार महत्त्वाचा विषय काढलात. हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास १९३८ साली सुरू झाला आणि अजून चालू आहे. सुरुवातीला ७२४ पुरुष होते, पुढे त्यांच्या बायका आणि मुलंही त्यात आली. निष्कर्षांत ठळकपणे पुढे आलेली गोष्ट अशी की उतारवयातली तब्येत आणि समाधान यांचा माणसाच्या नात्यांशी घट्ट संबंध असतो. तेव्हा तुम्ही भाग्यवान आहात, तुमच्याकडे बहीणही आहे आणि मित्रही.

पानपिसे
सर, त्या ७२४ जणांत पाचव्याला कुठे बसवायचं ते दिलंय का?

टिपणवही
चेष्टा करा. एकटेपणाचे दुष्परिणाम वाचाल तर चेष्टा सुचणार नाही.

सरळसोट
मला एक कळत नाही. सख्खी बहीण, वय पंच्याहत्तरच्या वर, कधी नव्हे ती येतेय. एक महिना पत्ते बंद ठेवा की! कट्टा कुठे पळून जातोय?

सायंफेरी
पळून जातो. तुम्हाला अनुभव दिसत नाही.

आमच्यातला एक जण मुलाकडे दीड महिना राहून आला. तोवर त्याच्या जागी दुसरा बसवला होता, तात्पुरता म्हणून. तो तात्पुरता अजून बसतोय, खेळतोही बरा. आधीचे गृहस्थ येतात, पाठीमागे खुर्ची ओढून दुसऱ्यांची पानं बघतात, अर्ध्या तासाने "निघतो" म्हणतात. कुणी जा म्हणत नाही, बस म्हणत नाही. नोकरीत असताना रजेवर गेलं तरी टेबलावर आपलं नाव असायचं. इथे कुणाचं नाव असतं?

म्हणून बंद ठेवणार नाही. आता खेळ सांगा.

सरळसोट
महिनाभरात विसरणारे मित्र कसले?

काठीटेकू
साहेब, पत्त्यांचे मित्र पत्त्यांचेच असतात, त्यात वाईट काही नाही. माझ्या फिरायच्या गटातल्या एकाचं घर मी आजवर पाहिलेलं नाही. पण मी दोन दिवस दिसलो नाही की त्याचा फोन येतो. एवढं पुरतं.

सरळसोट
फोन करणारा आणि खुर्ची भरणारा यात फरक आहे. असो, माझं मत दिलं.

चौकस
काका, बहिणीशी तुमचं फोनवर बोलणं होतं ना? मग आजच विचारून टाका.

सायंफेरी
फोनवर तिला नीट कळत नाही. भाची बोलते, ती निरोप देते.

चौकस
म्हणजे ऐकू कमी येतं का?

सायंफेरी
हो, कानाला यंत्र आहे. त्याचा पत्त्यांशी काय संबंध?

कानोसा
सगळा संबंध त्याचाच आहे. मी स्वतः दोन्ही कानांत यंत्र लावतो, म्हणून सविस्तर लिहितो.

वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त ही अक्षरं त्यातच येतात. त्यामुळे माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते कळत नाही. समोरचा मग ओरडतो. ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात, आणि ओठांचे आकार बिघडतात ते वेगळंच. यंत्र नुसतं तुमचा आवाज वाढवत नाही, पंखा, भांडी, शेजारच्या टेबलावरचं हसणं हेही बऱ्यापैकी वाढवतं. चार जण एकदम बोलायला लागले की मी हसून मान हलवतो. विनोद झाला होता की कुणी गेल्याची बातमी होती ते घरी येऊन विचारतो.

तेव्हा ताईंना कट्ट्यावर नेणार असाल तर त्यांची पाठ भिंतीकडे ठेवा, उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडू दे, एका वेळी एकानेच बोला. आणि दोन तास ओढूनताणून ऐकलं की डोकं शिणतं, हे लक्षात ठेवा. त्या मध्येच उठल्या तर कंटाळल्या असं समजू नका.

यंत्राची बॅटरी कुठली ते भाचीला विचारून घ्या. बदलायच्या गोल बॅटऱ्यांच्या पट्टीला रंग असतो: १० नंबरला पिवळा, ३१२ ला तपकिरी, १३ ला नारिंगी, ६७५ ला निळा. पट्टी काढली की हवा लागून ती चालू होते, म्हणून काढल्यावर मिनिटभर थांबून मगच बसवायची. एकदा पट्टी काढली की वापरा न वापरा, उतरतच जाते. चार्जिंगवालं यंत्र असेल तर चार्जर पिशवीत टाकला का ते विचारा.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्पर्धेत ब्रिज खेळतात तेव्हा बोली तोंडाने लावत नाहीत. प्रत्येकाकडे बोलीच्या कार्डांची पेटी असते, हवं ते कार्ड काढून समोर ठेवायचं. ऐकण्याचा प्रश्नच मिटला. मी त्यामुळेच अजून खेळतो. पाच जण असतील तर दर रबरनंतर, म्हणजे एका जोडीने दोन गेम जिंकले की, एकाने उठायचं, पाचव्याने बसायचं. खेळ बदलायची गरज नाही, सगळे आळीपाळीने बाहेर बसतात.

पानपिसे
हे पटलं. पण ताईंना ब्रिज येतं का?

काठीटेकू
रमीत बोलावंच लागत नाही, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं होतं.

पानपिसे
पहिल्यापासून तुम्ही फक्त "विषय संपला" म्हणत होतात.

चौकस
काका, फोन नको तर मेसेज करा ना. वाचता येतंय ना त्यांना?

सायंफेरी
वाचते, माझ्यापेक्षा भरभर. बघतो.

सायंफेरी
मेसेज केला होता, उत्तर आलं. जसंच्या तसं देतो:

"ब्रिज येत नाही, शिकणार नाही. सकाळी तुझ्याबरोबर फिरायला येईन. संध्याकाळी तू जातोस ते बरं आहे, जात जा. इथे घरात सात माणसं आणि दोन टीव्ही असतात. यंत्र काढून दोन तास गप्प बसायला मिळेल म्हणून तर येतेय. रात्री जेवणं झाल्यावर बदाम सात खेळू. बॅटऱ्या आणल्यात."

मी इथे डोकं फोडतोय आणि ती म्हणते जात जा. आता दोन जणांत बदाम सातला काय मजा?

चौकस
म्हणजे प्रश्न सुटला की!

सायंफेरी
पत्त्यांचा सुटला. पण यंत्र काढून बसली आणि मी साडेसातला बेल वाजवली तर दार कोण उघडणार?

कानोसा
दुसरी किल्ली. शिवाय आत आल्यावर मागून जाऊन खांद्याला हात लावू नका, माणूस दचकतो. आधी दिव्याचं बटण एकदा बंद-चालू करा.

जपून_चाला
आणि पायपुसणी?

सायंफेरी
उचलतो.

काठीटेकू
दोघांत बदाम सात म्हणजे समोरच्याकडे काय आहे ते सगळं कळतं, रंगणार नाही. शेजारच्या दोघांना बोलवा. आणि आधीच ठरवून घ्या की पान असलं तर खेळलंच पाहिजे, दाबून ठेवायचं नाही.

पानपिसे
दाबून ठेवण्यातच तर खेळ आहे. आमच्याकडे चौकटचा आठ दाबून लोकांना रडवलंय.

काठीटेकू
पान असताना पास म्हणणं ही चक्क लबाडी झाली. नियम वाचा.

पानपिसे
कुठले नियम? कुणी छापलेत?

सरळसोट
पान असेल तर टाकावंच लागतं. यात काठीटेकूंशी सहमत, फक्त यातच.

घड्याळजी
कुणी पत्त्यांचं चांगलं ॲप सांगेल का? जाहिराती नसलेलं. घरात खेळायला दुसरं कुणी नाही.

चौकस
नवीन धागा काढा काका. आणि फोन कुठला आहे ते आधीच लिहा.