मदत हवी आहे: क्लेरिकच्या देवीचं मत नक्की कोणी ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून पात्रं रंगवायचा खेळ) कॅम्पेनचा मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि देवांसकट बाकी सगळ्यांच्या भूमिका करणारा. पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) सहाव्या लेव्हलला, जग होमब्रू, म्हणजे मीच रचलेलं. पुढच्या सेशनआधी एक तिढा सोडवायचाय.

शहराला वेढा पडलाय. तो फोडायचा तर एका नेक्रोमॅन्सरशी (मेलेल्यांना उठवणाऱ्या जादूगाराशी) हातमिळवणी करावी लागणार, कारण सांगाड्यांची फौज त्याच्याकडे आहे. आमची क्लेरिक (देवाकडून शक्ती मिळणारी पुजारीण) लाइट डोमेनची, म्हणजे प्रकाशाच्या शाखेची, सूर्यदेवीची उपासक. मेलेल्यांना उठवणं या देवीला खपत नाही, हे मी पहिल्याच सेशनला सांगितलं होतं. प्लेयर म्हणते, एवढी जिवंत माणसं वाचणार असतील तर देवी काणाडोळा करेल. वर तिने पुस्तकच पुढे केलं: 'ॲनिमेट डेड' हा मेलेल्यांना उठवायचा स्पेल (मंत्र) क्लेरिकच्याच स्पेल लिस्टमध्ये आहे! आहे खरं. पण त्याच पुस्तकात असंही म्हटलंय की हे काही सत्कृत्य नव्हे आणि असे स्पेल वारंवार वापरणारे दुष्टच असतात. म्हणजे दोघांकडेही पुरावा तयार.

पार्टीतला पॅलाडिन (शपथेने बांधलेला योद्धा) मात्र निवांत. त्याची ओथ ऑफ व्हेंजन्स, म्हणजे सूडाची शपथ. मोठ्या दुष्टाशी आधी लढा आणि त्यासाठी पडेल ते करा, हे त्याच्या शपथेतच बसतं. या आवृत्तीत त्याला देव निवडायची सक्तीही नाही. (१९७५ साली पॅलाडिन पहिल्यांदा आला तेव्हा एक केऑटिक (बेबंद, नियम झुगारणारं) कृत्य केलं की पद कायमचं जायचं. तो जमाना गेला.)

माझा प्रश्न असा की शपथ लिहिलेली असते, आम्ही दोघंही तीच वाचतो. देवीची इच्छा कुठे लिहिलीय? मी 'देवी नाही म्हणते' म्हटलं तर प्लेयरचा निर्णय मीच घेतल्यासारखं होतं. तिच्यावर सोडलं तर देवी म्हणजे तिच्याच मताला दुजोरा. आणि गप्पही बसता येत नाही, कारण लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) स्पेल नेहमीसारखे मिळाले की तो होकारच झाला. शक्ती काढून घ्यायची माझी इच्छा नाही, पार्टीत जखमा भरायचं मुख्य काम तिचंच आहे.

तुम्ही अशा वेळी काय करता?

प्रतिसाद १

तिला 'ऑगरी' (शकुन विचारायचा स्पेल) टाकू दे की. दुसऱ्या लेव्हलचा स्पेल आहे (स्पेलची लेव्हल वेगळी, पात्राची वेगळी), तिच्याकडे असणारच. पुढच्या तीस मिनिटांत करायच्या कामाबद्दलच विचारता येतं, म्हणून बोलणीच्या दाराशी उभं राहून टाकावा लागेल. उत्तर शुभ, अशुभ, दोन्ही किंवा काहीच नाही. तू 'दोन्ही' दे आणि गप्प बस. एक लक्षात ठेव, ऑगरी परिणाम सांगते, पाप-पुण्य नाही. त्यामुळे देवी बोललीही आणि निर्णय प्लेयरकडेच राहिला. ती स्वतः नवव्या लेव्हलला पोचून तिला 'कम्यून' हा स्पेल मिळेल तेव्हा ती थेट हो-नाही विचारेल, तोवर तुझी सुटका.

प्रतिसाद २

ऑगरी ठीक, पण नंतरचं काय? तिसऱ्या आवृत्तीत प्रायश्चित्त होईपर्यंत क्लेरिकचे सगळे स्पेल जायचे. तो नियम आणू नकोस, प्लेयर नुसती बसून राहते. त्यापेक्षा १९७९च्या डीएम गाइडमधली मांडणी उचल: पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचे स्पेल क्लेरिकच्या स्वतःच्या श्रद्धेतून, मधले देवाच्या सेवकांकडून आणि सर्वांत वरचे खुद्द देवाकडून. म्हणजे जखमा भरणं चालूच राहील. तिसऱ्या लेव्हलचे स्पेल मागितले की मात्र एक दूत येऊन जाब विचारेल. तिला तिची बाजू मांडू दे. पटण्यासारखी असेल तर स्पेल दे. आणि हे तिला आधीच सांग, टेबलावर अचानक काढू नकोस.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. दूत आवडला, कारण मग वाद माझ्याशी न होता गेममध्येच होईल. ऑगरीही ठेवतो. आता एवढंच सांगा: दूत जाब विचारत असताना पॅलाडिन तिथे हवा की नको? तो मध्ये तोंड घालणार हे नक्की, आणि त्याचा मुद्दा कदाचित तिच्यापेक्षा भारी असेल.