'जीन एक्स्प्रेशन'ला बोलताना काय म्हणावं?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा): आशाताईंसोबत गावोगावी फिरते. स्तनातल्या गाठीच्या रिपोर्टवर 'हर-टू पॉझिटिव्ह' असतं (हर-टू हे एका जनुकाचं नाव). 'जनुकाची अभिव्यक्ती वाढली आहे' असं सांगितलं की बाईचा पहिला सवाल, "मंग माह्या लेकीले बी होईन का जी?" बरा शब्द सुचवा.

उत्तर: लेखात 'जनुक अभिव्यक्ती' राहू द्या, तो रुळलेला आहे. बोलताना मात्र 'जनुकाचं काम वाढलं' किंवा 'मंदावलं' म्हणा. 'अभिव्यक्ती' ऐकून लोकांना भाषणं आणि कविता आठवतात. शेतकरी घरात सातबाऱ्याचं उदाहरण द्या: नमुना ७ वर जमीन कोणाची ते, नमुना १२ वर यंदा काय पेरलं ते. तसंच शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकं तीच; कुठलं किती राबतंय हे पेशीपेशीत वेगळं.

आता लेकीचं. इथे खरा घोळ 'जनुकीय' (जनुकांशी संबंधित) आणि 'आनुवंशिक' (वारशानं आलेलं) एकच समजण्यात आहे, आणि तो फार जिवाला लागणारा आहे. त्यापायी लेकीच्या सोयरिकीची चिंता सुरू होते. हर-टूचं वाढलेलं काम गाठीच्या पेशींतलं असतं. तिथे त्या जनुकाच्या प्रती वाढतात आणि पेशीवर त्याचं प्रथिन भरमसाट होतं. हे लेकीकडे जात नाही. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकांमधला बिघाड मात्र वारशानं येऊ शकतो. त्याची रक्ततपासणी वेगळी, आणि घरात आई, मावशी, बहिणीला असा आजार झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं.

आणखी एक: 'पॉझिटिव्ह' ऐकून बाया एचआयव्ही समजतात. लगेच सांगा, या प्रथिनावर नेमकं काम करणारं औषध आहे, ट्रास्टुझुमॅब, १९९८ पासून वापरात.

प्रश्न: मग यात 'संगणकीय जीवशास्त्र' (संगणकानं जीवशास्त्रातली माहिती तपासणं) कुठे येतं?

उत्तर: हर-टूची नेहमीची तपासणी काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकानं होते, तिला संगणक लागत नाही. संशोधनात गाठीच्या तुकड्यातला आरएनए (राबणाऱ्या जनुकाची पेशीत बनणारी नक्कल) मोजून सुमारे २०,००० जनुकांचं काम एकदम पाहतात. एवढे आकडे हातानं जुळवणं शक्यच नाही. संगणक सारख्या गाठी एकत्र लावतो. २००० साली अशाच मांडणीतून दिसलं की स्तनाचा कर्करोग हा एकच आजार नाही, त्याचे वेगवेगळे गट आहेत. पुढे ५० जनुकांवरून गट ओळखणारी पॅम-५० चाचणी आली.

प्रश्नकर्ती: गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला 'काम वाढलं' चालेल?

उत्तर: चालेल. तिथे एचपीव्ही विषाणूची ई-६, ई-७ ही जनुकं पेशीत राबतात आणि पेशीचे लगाम सुटतात. म्हणजे काम वाढलं ते विषाणूच्या जनुकांचं. तिथे वारशाचा शब्दही काढू नका, लसीचा काढा.