‘ब्रेथ बायोमार्कर’ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या फुप्फुसात जंतुसंसर्ग झालाय का, हे ओळखण्याच्या नव्या पद्धतीवर लेख आहे. बाहेर पडणाऱ्या हवेतल्या ज्या पदार्थांवरून आजाराचा अंदाज बांधतात, ते ‘ब्रेथ बायोमार्कर’. ‘श्वासातील जैवचिन्हके’ चालेल?

आयसीयूकर: आधी ‘श्वास’ बदला. आत घेतो तो श्वास, सोडतो तो उच्छ्वास, आणि तपासतात ती बाहेर पडणारी हवा. इथे फरक जास्तच महत्त्वाचा. आत जाणारी हवा यंत्राची असते, तिच्यात नळ्यांच्या प्लॅस्टिकचेही अंश येतात.

भाषांतरवाली: मग ‘निःश्वास’?

जुने मुद्रितशोधक: तो सुटकेचा असतो हो! उच्छ्वासच बरा. आणि ‘चिन्हक’ कोण बोलतं? ‘सूचक’ करा.

आयसीयूकर: सूचकच. कारण उच्छ्वासातली ही संयुगं संशय दाखवतात, सिद्ध काही करत नाहीत. स्युडोमोनास नावाचा जिवाणू द्राक्षासारख्या वासाचं एक संयुग सोडतो, प्रयोगशाळेतल्या प्लेटवर तो वास नाकालाही कळतो. पण उच्छ्वासात असे उडून जाणारे पदार्थ शेकड्यांनी असतात. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना १९७१ मध्येच सुमारे २५० सापडले होते. त्यातलं जंतूचं कुठलं, सुजलेल्या फुप्फुसाचं कुठलं आणि दिलेल्या औषधाचं कुठलं, हीच तर खरी डोकेदुखी. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या ‘ब्रीथडीएक्स’ अभ्यासात न्यूमोनियाचा संशय असलेल्या रुग्णांच्या उच्छ्वासाची तुलना फुप्फुसातल्या स्रावाच्या कल्चरशी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीशी, केली. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात, तोवर अँटिबायोटिक अंदाजाने चालू. ‘न्यूमोनिया नाही’ एवढं जरी उच्छ्वासावरून लवकर कळलं, तरी कितीतरी औषध वाचेल.

भाषांतरवाली: ‘उच्छ्वासातील जैवसूचक’. ठरलं. आणि आजाराचं नाव ‘व्हेंटिलेटरजन्य न्यूमोनिया’ लिहिलंय.

जुने मुद्रितशोधक: ‘जन्य’ म्हणजे त्यापासून जन्मलेला. यंत्रातून न्यूमोनिया जन्मतो का, डॉक्टर?

आयसीयूकर: सहसा नाही. श्वासनलिकेत नळी असते, तिच्या फुग्याच्या कडेने तोंडातला स्राव झिरपून खाली उतरतो. खोकून बाहेर टाकण्याची ताकद रुग्णात नसते. व्हेंटिलेटर लावून ४८ तास उलटल्यावर झालेला न्यूमोनिया या नावाखाली धरतात, इतकंच. ‘जन्य’ वाचलं की नातेवाईक म्हणणार, मशीन काढा.

जुने मुद्रितशोधक: मग ‘व्हेंटिलेटर-संबंधित’ लिहा. दिसायला रुक्ष आहे, पण खोटं नाही.