शब्दचर्चा: सिम्युलेशनमधला विदा (डेटा) ‘गोळा’ होतो का?

शब्दवेडी:
एका अभियांत्रिकी प्रबंधाचा मराठी सारांश लिहून देते आहे. चालता मोबाइल एका टॉवरकडून दुसऱ्याकडे कधी सोपवावा, हे यंत्रशिक्षणाने ठरवायचं, असा विषय. विदा खऱ्या नेटवर्कमधला नाही, संगणकातच नेटवर्क चालवून पाहणाऱ्या एनएस-३ या मुक्तस्रोत सिम्युलेटरमधला आहे. मी ‘बनावट विदा’ लिहिलं आणि विद्यार्थिनी जाम चिडली. ‘अनुरूपित’ चालेल का?

तारायंत्री:
चिडणारच! बनावट नोट, बनावट सही... फसवायचा हेतू त्या शब्दातच आहे. इथे सगळं उघड असतं: टॉवर किती, फोनचा वेग काय, लहरींचं प्रारूप कोणतं (बहुतेकदा मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या टीआर ३८.९०१ या दस्तऐवजातलं). आवृत्ती, प्रोग्राम आणि यादृच्छिक आकड्यांचं बीज (ते ज्या संख्येपासून सुरू होतात ती) तेच ठेवलं, तर दुसऱ्या कुणालाही तेच आकडे मिळायला हवेत. ‘अनुरूपित’ कोशात शोभेल, पण ‘अनुरूप’ म्हटलं की मला स्थळंच आठवतात.

आडवाटेचा:
मग ‘नक्कल’ का नको? सुटसुटीत आहे.

तारायंत्री:
तहसील कचेरीत सातबाऱ्याची नक्कल मिळते, कारण मूळ उतारा तिथे असतो. सिम्युलेटरमधल्या फोनला मूळ फोन नाही. नियमांवरून घडलेली ती एक शक्यता आहे.

शब्दवेडी:
म्हणजे ‘सिम्युलेशन’च ठेवते. पण क्रियापद? इंग्रजी मजकुरात विदा ‘गोळा केला’ असं आहे.

पाणबुड्या:
खरी गोम तिथेच आहे. नामावर भांडायला सगळे येतात, क्रियापद तसंच सुटतं. ‘गोळा केला’ म्हटलं की वाचकाला वाटणार, माणसं फोन घेऊन गाडीतून हिंडली आणि रेंज मोजत गेली. तसं मोजमाप होतंही, पण कंपन्या तो विदा सहसा बाहेर देत नाहीत. शिवाय कॉल तुटण्याचे प्रसंग त्यात थोडे, आणि शिकणाऱ्या यंत्राला नेमके तेच हवेत. मुद्दाम चुकीची मांडणी करून चालत्या नेटवर्कवर लोकांचे कॉल कोण तोडणार? सिम्युलेटरमध्ये हँडओव्हरआधीची, म्हणजे फोन दुसऱ्या टॉवरकडे सोपवण्याआधीची, प्रतीक्षा ४० मिलिसेकंद ठेवा, मग ६४० ठेवा, हवे तेवढे कॉल तोडा.

‘तयार केला’ मात्र जपून. ‘आकडे तयार केले’ याचा मराठीत एकच अर्थ होतो. ‘उत्पन्न’ लिहिलंत तर आयकरवाले येतील. मी ‘सिम्युलेशन चालवून मिळवलेला विदा’ लिहीन. लांब आहे, पण खोटं नाही.

आडवाटेचा:
आणि इम्युलेशन? तेही सिम्युलेशनच ना?

पाणबुड्या:
नाही. सिम्युलेशनमध्ये रेडिओ, हवा, फोन सगळं हिशेबातलं. आतले दहा सेकंद मोजायला बाहेर तासही लागू शकतो. इम्युलेशनमध्ये रेडिओ खरे, घड्याळ खरं, फक्त मधली हवा कृत्रिम. अमेरिकेत नॉर्थईस्टर्न विद्यापीठाकडे असलेली ‘कोलोझियम’ यंत्रणा या जातीची. त्याला मी ‘रंगीत तालीम’ म्हणतो.

तारायंत्री:
एक भर. ‘ग्रामीण’ हा शब्दही तपासा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या २०१७ च्या फाइव्ह-जी मूल्यमापन निकषांत नेहमीच्या ग्रामीण मांडणीत दोन टॉवरांतलं अंतर १,७३२ मीटर आहे. भारताच्या आग्रहाने त्यात फोनचा वेग कमी आणि सेल (एका टॉवरचा टापू) मोठा असलेला वेगळा प्रकार आला, त्यात ६,००० मीटर. दोन्ही कागदावर ‘ग्रामीण’च. पहिल्यावर शिकलेलं यंत्र दुसऱ्यात काय करेल, ते तपासल्याशिवाय कळायचं नाही.

शब्दवेडी:
प्रबंधात १,७३२ च आहे. वाक्य असं करते: ‘टॉवरांमध्ये १,७३२ मीटर अंतर असलेल्या ग्रामीण मांडणीचं सिम्युलेशन चालवून मिळवलेला विदा.’ विद्यार्थिनीला विचारून कळवते. ‘बीज’ राहू दे ना?

तारायंत्री:
राहू दे. फक्त पहिल्यांदा येईल तिथे ‘यादृच्छिक आकड्यांचं’ जोडा, नाहीतर कृषी विद्यापीठाचा प्रबंध वाटेल.